पंप बंद केला की दमा परत का येतो?

दम्याच्या पेशंटच्या तोंडून मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "डॉक्टर, महिनाभर काहीच त्रास नव्हता, म्हणून पंप बंद केला." हे सांगताना चेहऱ्यावर समाधान असतं. सुटलो एकदाचे! आणि लगेच पुढचं वाक्य येतं, "पण गेले चार दिवस पहाटे तीनला खोकला उठतोय."

या दोन वाक्यांच्या मधल्या काळात तुमच्या छातीत काय घडलं, ते आज जरा खोलात जाऊन सांगणार आहे. खोलात म्हणजे श्वासनलिकेच्या पेशीच्या आत, जिथे आपली जनुकं असतात तिथपर्यंत. "जनुकं" हा शब्द वाचून लगेच पुढे सरकू नका. मी कुणाला परीक्षेला बसवणार नाही. पण माझा अनुभव असा आहे की "आत सूज आहे, रोज पंप घ्या" एवढंच सांगितलं की लोक मान हलवतात आणि महिन्याने पंप बंद करतात. पंपातलं औषध नेमकं कुठे जाऊन काय करतं हे एकदा कळलं, की बंद करण्याआधी निदान फोन तरी करतात.

आधी दम्याबद्दल. दमा म्हणजे श्वासनलिका आवळणं, असं बहुतेकांना वाटतं. ते खरं आहे, पण अर्धंच. नळीभोवतीचे स्नायू आवळतात, म्हणून छातीत सूं सूं आवाज येतो. पण ते स्नायू एवढ्यातेवढ्याने आवळावेत इतके हळवे कशामुळे होतात? तर नळीचं आतलं अस्तर सुजलेलं असतं म्हणून. १९८० च्या दशकात दम्याच्या पेशंटच्या श्वासनलिकेत दुर्बीण घालून अस्तराचे बारीक तुकडे तपासले जाऊ लागले, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. ज्यांचा दमा अगदी सौम्य होता, अधूनमधूनच त्रास व्हायचा, त्यांच्याही अस्तराला सूज होती. म्हणजे पेशंट बरा दिसत होता, श्वास नीट चालू होता, आणि आत सूज होतीच. तुम्हाला "काहीच त्रास नसतो" त्या महिन्यात आत काय चालू असू शकतं, याची कल्पना यावरून यावी.

ही सूज जंतूंमुळे आलेली नसते. म्हणून ती अँटिबायोटिकने जात नाही. (दर पावसाळ्यात अँटिबायोटिकचा कोर्स घेऊन "कफ मोडणारे" पेशंट मला भेटतात. कफ मोडत नाही, पैसे मात्र मोडतात.) ही सूज आपल्याच पेशी तयार करतात, आणि त्या ती का तयार करतात हे समजायला जनुकांकडे जावं लागतं.

आपल्या शरीरातल्या बहुतेक प्रत्येक पेशीत डीएनएचा एक धागा असतो. सगळा उलगडून सरळ केला तर साधारण दोन मीटर भरेल. त्यावर प्रथिनं कशी बनवायची याच्या सुमारे २०,००० कृती लिहिलेल्या आहेत. त्या कृती म्हणजे जनुकं. आता गंमत अशी, की डोळ्याच्या पेशीत आणि फुफ्फुसाच्या पेशीत कृती त्याच आहेत. फरक एवढाच की कुठल्या पेशीत कुठल्या कृती वाचल्या जातात आणि कुठल्या बंद राहतात.

हे बंद ठेवण्याचं तंत्र मी पेशंटना साडीच्या उदाहरणाने सांगते. कपाटात वीस साड्या घड्या घालून ठेवलेल्या असतात. घडीत असलेल्या साडीची नक्षी तुम्हाला दिसत नाही. नक्षी बघायची तर घडी मोडावी लागते. डीएनएचा धागा असाच प्रथिनांच्या छोट्या छोट्या रिळांवर गुंडाळून, घट्ट घडी घालून ठेवलेला असतो. त्या रिळांना ॲसिटिल नावाचा एक इवलासा रासायनिक तुकडा चिकटला, की तिथली घडी सैल होते आणि तिथलं जनुक वाचलं जातं. तो तुकडा काढून घेतला की घडी पुन्हा घट्ट. जनुकात एका अक्षराचाही बदल होत नाही. फक्त घडी मोडली की पुन्हा घातली, एवढाच प्रश्न.

ॲलर्जीच्या दम्यात काय होतं ते आता बघा. समजा तुम्ही गादीवर आडवे झालात. गादीत धूळकीटक असतात, आणि पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट घरात ते चांगलेच पोसतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण त्यांच्या विष्ठेचे कण श्वासाबरोबर आत जातात. श्वासनलिकेच्या अस्तराच्या पेशी हे कण लागताच धोक्याचा निरोप पाठवतात. तो निरोप मिळतो तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट नावाच्या पेशींना. या पेशींच्या एका गटात गाटा-३ नावाचं प्रथिन असतं. १९९७ साली हे गाटा-३ त्या गटाचं मुख्य चालक असल्याचं दिसून आलं. हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरतं, पाचव्या गुणसूत्रावर जातं आणि तिथल्या तीन जनुकांच्या घड्या मोडतं. ही तीन जनुकं गुणसूत्रावर एकमेकांच्या अगदी जवळ राहतात. एकीची घडी सैल झाली की बहुधा तिघींची होते.

त्यातून तीन निरोप्या प्रथिनं बनतात: इंटरल्यूकिन ४, ५ आणि १३. नावं लक्षात ठेवायची गरज नाही, कामं मात्र ओळखीची वाटतील. चार नंबरचं शरीराला आयजीई बनवायला लावतं. ॲलर्जीच्या रक्ततपासणीत "आयजीई वाढलंय" असं लिहून येतं ना, तेच. पाच नंबरचं इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढवतं. तुमच्या सीबीसीच्या रिपोर्टमध्ये ज्यांच्यापुढे बाण काढलेला असतो, त्या ह्याच. तेरा नंबरचं अस्तराच्या पेशींना चिकट कफ करायला लावतं आणि नळीच्या स्नायूंना हळवं करतं. दम्याच्या ॲटॅकमध्ये माणूस दगावतो तेव्हा त्याच्या बारीक श्वासनलिका या घट्ट, चिकट कफाच्या बुचांनी भरलेल्या असतात. हे वाक्य घाबरवण्यासाठी लिहिलेलं नाही. पण "दम्याने काय होतंय, थोडी धाप लागते इतकंच" असं म्हणणाऱ्यांनी ते एकदा वाचावं.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. या लिम्फोसाइट पेशींची घडी एकदा या पद्धतीने मोडली की ती सवय लक्षात राहते. साडी बरेच दिवस एकाच घडीवर राहिली की तिच्यावर जशी रेघ पडते, तसंच. एका पेशीच्या दोन पेशी झाल्या, की नव्या पेशीही तीच सवय घेऊन जन्माला येतात. धूळ पुन्हा आली की त्या पहिल्यापेक्षा लवकर आणि जोरात कामाला लागतात.

आता पंपाकडे येऊ. पंप दोन प्रकारचे असतात हे बहुतेकांना माहीत असतं, पण गल्लत इथेच होते. बहुधा निळ्या रंगाचा येतो तो साल्ब्युटामॉलचा पंप. तो स्नायू सैल करतो, पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं, आणि चार-सहा तासांनी त्याचा असर संपतो. तो घड्यांच्या वाटेला जात नाही. आत सूज होती तशीच राहते.

दुसरा पंप स्टिरॉइडचा. स्टिरॉइड म्हटलं की निम्मे लोक घाबरतात, त्याबद्दल पुढे बोलेन. हे औषध पेशीच्या आत शिरतं, तिथल्या एका प्रथिनाला चिकटतं, आणि ती जोडी केंद्रकात जाते. तिथे ती एका एन्झाइमला बोलावून घेते. हे एन्झाइम काय करतं? मघाशी सांगितलेले ॲसिटिलचे तुकडे काढून टाकतं. घडी पुन्हा बसते. सूज आणणारी जनुकं वाचायची थांबतात. शिवाय गाटा-३ ला केंद्रकात शिरायलाही हे औषध अडथळा करतं. लंडनचे प्राध्यापक पीटर बार्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामावर अनेक वर्षं घालवली आहेत, आणि स्टिरॉइड जनुकांच्या पातळीवर असं काम करतं हे कळण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

गंमत म्हणजे स्टिरॉइड काही घड्या मोडतंही. निळ्या पंपाचं औषध स्नायूंच्या पेशींवरच्या ज्या जागी जाऊन बसतं, ती जागा बनवणारं जनुक स्टिरॉइडमुळे जास्त वाचलं जातं. उलट नुसता निळाच पंप सारखा मारत राहिलं, तर त्या जागा कमी होत जातात. "पूर्वी एका फवाऱ्यात भागायचं, आता चार लागतात," असं जे पेशंट सांगतात, त्यामागे वाढलेल्या सुजेइतकंच हेही कारण असतं.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमचं तुम्हालाच देता येईल. स्टिरॉइडचा पंप घडी घालून ठेवतो. रेघ पुसत नाही. रोज औषध मिळतंय तोवर घडी बसलेली असते, म्हणून तुम्हाला बरं वाटतं. औषध थांबलं की लगेच काही होत नाही, आणि फसगत होते ती याच दिवसांत. घडी हळूहळू सैल होत जाते, सूज आतल्या आत वाढते, आणि एखाद्या साध्या सर्दीने किंवा माळ्यावरचं सामान झाडताना ॲटॅक येतो. मग लोक म्हणतात, "धुळीमुळे झालं." धूळ तर दर वर्षी असते.

हे सगळं मी मोठ्या तज्ज्ञाच्या थाटात सांगते आहे खरं, पण हा आजार माझ्या घरातला आहे. माझी आजी कोकणात राहायची. पावसाळाभर ती रात्री आडवी होत नसे. भिंतीला टेकून, मांडीवर उशी घेऊन, तिच्यावर डोकं टेकून झोपायची. गावातल्या कुणी सांगितलं म्हणून धोतऱ्याची वाळलेली पानं जाळून त्याचा धूर घ्यायची. धोतऱ्यात श्वासनलिका सैल करणारं द्रव्य खरोखरच असतं, त्यामुळे तिला तासभर बरं वाटायचं. तो एक प्रकारचा निळा पंपच होता, आणि विषारी होता. (कृपा करून कुणी करून बघू नका. धोतऱ्याने माणसं मरतात.) स्टिरॉइडचा पंप तिच्या वाट्याला कधी आलाच नाही. माझ्या आईला दमा नव्हता. मला नाही, पण सकाळी उठल्यावर सलग दहा शिंका आल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. आणि माझ्या मुलाला चौथ्या वर्षापासून दमा आहे.

त्यामुळे "आमच्या घराण्यात कुणालाच नाही, मग हिलाच कसा?" हा प्रश्न मी दोन्ही बाजूंनी ऐकलेला आहे. माझ्या सासूबाई तो माझ्या माहेराकडे बोट दाखवून विचारायच्या.

खरं उत्तर असं, की दम्याचं असं एकच जनुक नसतं. आईवडिलांकडून येते ती प्रवृत्ती. कुणात ती शिंकांच्या रूपात दिसते, कुणात अंगावर खाज येते, कुणात दमा होतो, आणि कुणात काहीच होत नाही. २००७ साली युरोपातल्या संशोधकांच्या एका मोठ्या गटाने लहानपणीच्या दम्याशी जोडलेली सतराव्या गुणसूत्रावरची एक जागा शोधली. मजा अशी, की त्या जागेवरचे फरक जवळच्या जनुकाची कृती बिघडवत नव्हते. ते जनुक कितपत वाचलं जावं, कमी की जास्त, हे ठरवत होते. इथेही प्रश्न घडीचाच. एकाच गर्भातून जन्मलेल्या, अगदी एकसारख्या जुळ्या भावंडांतही एकाला दमा असतो आणि दुसऱ्याला नसतो, असं कितीदा तरी दिसतं. जनुकं तीच, घड्या वेगळ्या.

घड्या कशाने वेगळ्या होतात? याचं मला सर्वांत पटलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे आमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी समाज आहेत. दोघांचेही पूर्वज युरोपातून आलेले, जनुकांनी दोघं एकमेकांच्या बरेच जवळचे. खाणं-पिणं, घरात कुत्रामांजर न पाळणं, मोठी कुटुंबं, हेही सारखं. फरक एवढाच की आमिश लोक जुन्या पद्धतीने, घोडे जुंपून शेती करतात आणि गोठा घराला लागून असतो, तर हटराइट मोठ्या यंत्रांनी सामुदायिक शेती करतात आणि गोठे लांब. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश शाळकरी मुलांपैकी साधारण ५ टक्के मुलांना दमा होता, हटराइट मुलांपैकी २१ टक्के. संशोधकांनी दोन्हींच्या घरातली धूळ आणून उंदरांना दिली. आमिश घरातल्या धुळीने उंदरांचं दम्यापासून रक्षण झालं, हटराइट घरातल्या धुळीने झालं नाही. गोठ्यातल्या जंतूंचे अंश लहान वयातच श्वासात गेल्यामुळे त्या मुलांच्या प्रतिकारशक्तीची घडीच वेगळी बसली होती.

हे वाचून लगेच मुलाला गोठ्यात नेऊन बसवू नका! ज्याला दमा झालेला आहे, त्याला गोठ्यातल्या गवताच्या धुळीने त्रासच होईल. हा परिणाम अगदी सुरुवातीच्या वयातला आहे, आणि त्यातही हमी नाही. माझ्या आजीचं सगळं बालपण गुराढोरांतच गेलं होतं.

उलट दिशेचं उदाहरण मात्र आपल्या हातातलं आहे. विडी-सिगारेटचा धूर. मघाशी घडी घालणाऱ्या ज्या एन्झाइमबद्दल सांगितलं, ते सिगारेटच्या धुराने निकामी होतं. म्हणजे दमा असलेला माणूस सिगारेट ओढत असेल, तर एका हाताने स्टिरॉइडचा पंप घेतो आणि दुसऱ्या हाताने त्या पंपाचा कामगार घरी पाठवतो. अशा पेशंटना तोच डोस इतरांपेक्षा कमी लागू पडतो, हे अभ्यासांत स्पष्ट दिसलं आहे. "डॉक्टर, तुमचा पंप मला लागूच पडत नाही," असं म्हणणाऱ्याच्या खिशातून पाकिटाचा कोपरा बाहेर दिसत असेल, तर मी पंप बदलत नाही.

मुलाबद्दल लिहायला सुरुवात केली आणि भरकटले. त्याची परवानगी घेऊन सांगते. तो शिकायला पुण्याला हॉस्टेलवर गेला. बारावीपर्यंत त्याचा पंप माझ्या नजरेसमोर व्हायचा. हॉस्टेलवर पहिलं वर्ष नीट गेलं. दुसऱ्या वर्षी त्याने मे महिन्यात तो बंद केला, कारण मित्रांसमोर नको वाटायचं आणि त्रासही काही नव्हता. जून, जुलै काही झालं नाही. ऑगस्टमध्ये खोलीच्या भिंतीला ओल आली, त्यात सर्दी झाली, आणि एका रात्री अडीच वाजता त्याच्या खोलीतल्या मुलाचा मला फोन आला. निळा पंप दिवसभरात बारा-पंधरा वेळा मारून झाला होता. वाक्य पूर्ण बोलता येत नव्हतं, तीन शब्दांनी थांबत होता. मी फोनवर एवढंच सांगितलं, की रिक्षा शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. पहाटे मी पोहोचले तेव्हा ऑक्सिजन आणि नेब्युलायझर लावलेला होता, स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलेलं होतं, आणि तो मला बघून ओशाळून हसला. मी डॉक्टर म्हणून असे चेहरे शेकड्याने पाहिलेत. हा पाहताना माझे गुडघे लटपटले.

दोन दिवसांनी त्याने एक प्रश्न विचारला. "मे महिन्यात मी ठणठणीत होतो. मग तेव्हा ते औषध करत काय होतं?" मला हा प्रश्न फार आवडला. कारण औषध थांबवणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तो असतो, पण कुणी विचारत नाही. मी त्याला घडीचं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी ठणठणीत होतो ते औषधामुळे." बस्स. त्यानंतर पंपाचा विषय आमच्यात निघालेला नाही. गेल्या दिवाळीत कपाटं झाडायच्या दिवशी तो आपणहून मास्क लावून गच्चीवर गेला, हे मी कामचुकारपणा न समजता समंजसपणा समजले.

भारतात ही गोष्ट किती गंभीर आहे, हे एका आकड्यावरून कळेल. जगभरच्या आजारांचा जो अंदाज २०१९ साठी काढला गेला, त्यानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत. पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात होतात. आपल्याकडचा दमा काही जगावेगळा नाही. निदान लपवणं, आणि स्टिरॉइडचा पंप टाळून नुसत्या गोळ्या किंवा निळा पंप यांवर दिवस काढणं, ही माझ्या मते त्याची मोठी कारणं आहेत. दम्याच्या उपचारांची जी जागतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांनी २०१९ साली स्पष्टच सांगितलं की मोठ्या माणसांना आणि वयात आलेल्या मुलांना नुसत्या साल्ब्युटामॉलच्या पंपावर ठेवू नये, दमा सौम्य असला तरी. आता बऱ्याच जणांना आम्ही एकाच पंपात दोन्ही औषधं असलेला प्रकार देतो. त्रास झाला की तोच घ्यायचा, म्हणजे स्नायू सैल होताना घडीही बसते. तुम्हाला कोणता योग्य, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

आता स्टिरॉइडच्या भीतीबद्दल. चेहरा सुजणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं, हे जे ऐकलेलं असतं ते महिनोन् महिने घेतलेल्या गोळ्यांचं असतं. पंपाच्या एका फवाऱ्यात २०० मायक्रोग्रॅम औषध असतं असं धरू. ॲटॅकमध्ये द्यावी लागणारी ४० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे त्याच्या २०० पट. आणि पंपातलं औषध जिथे सूज आहे तिथेच जाऊन पडतं. त्याचेही दुष्परिणाम आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते, आवाज बसू शकतो, म्हणून पंप घेतल्यावर चूळ भरून टाकायची, आणि शक्यतो स्पेसर लावून घ्यायचा. लहान मुलांची उंची किंचित कमी राहू शकते. एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ती मोठेपणी सरासरी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास कमी भरली. माझ्या मुलाची उंची त्याच्या बाबांपेक्षा चार बोटं जास्त आहे, हा अर्थात पुरावा नव्हे. पण श्वास आणि एक सेंटिमीटर यांत मी काय निवडलं, ते तुम्हाला कळलंच असेल.

"सवय लागते" म्हणाल, तर लागत नाही. सवय म्हणजे औषध सोडल्यावर शरीर ते मागतं. इथे शरीर काही मागत नाही, दमा परत येतो. चष्मा काढला की अंधुक दिसतं, त्याला कुणी चष्म्याची सवय म्हणत नाही.

जनुकांचं एवढं ऐकल्यावर पुढचा प्रश्न येतोच: "मग जनुकांची तपासणी करून घेऊ का?" सध्या तरी दम्यासाठी नको. रिपोर्ट छान रंगीत येतो, पण त्यावरून औषध बदलावं असं त्यात काही नसतं. त्या पैशात गादी-उशांची धूळकीटकरोधक अभ्रं येतील, आणि चादरी कडक गरम पाण्यात धुवायची सवय तर फुकटच आहे.

जनुकांच्या अभ्यासातून हाती लागलेली एक गोष्ट मात्र खरोखर कामाची आहे. ते चार, पाच आणि तेरा नंबरचे निरोपे आठवतात? त्यांचा निरोप वाटेतच अडवणारी इंजेक्शनं आता आहेत. कुठलं आयजीईला पकडतं, कुठलं पाच नंबरला, तर कुठलं एकदम चार आणि तेराला. ज्यांचा दमा पंप नीट घेऊनही आटोक्यात येत नाही, अशा थोड्या लोकांना त्यांनी अक्षरशः नवं आयुष्य मिळालं आहे. किंमत मात्र अजून बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे. आणि तीही घडी मोडू न देण्याचीच औषधं आहेत, कायमची रेघ पुसणारी नव्हेत. कोजागरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध घ्यायला किंवा मृगाच्या दिवशी मासा गिळायला हैदराबादला जाणारे माझे पेशंट आहेत. मी त्यांच्याशी भांडत नाही. जा, पण पंप पिशवीत ठेवा, आणि तिथे कुणी तो बंद करायला सांगितलं तर करू नका, एवढंच सांगते.

मग पंप जन्मभर का? नाही, तसं नेहमीच नसतं. सलग तीनेक महिने दिवसाचा त्रास नाही, रात्री झोपमोड नाही, निळ्या पंपाची गरज जवळजवळ नाही, आणि फुंकरीची तपासणी चांगली, असं असेल तर आम्हीच डोस एकेक पायरी कमी करतो आणि प्रत्येक पायरीवर थांबून बघतो. लहानपणीचा दमा वयात येताना बऱ्याच मुलांचा शांत होतो. पण पायरी उतरायची ती कधी, हे ऋतू बघूनही ठरवावं लागतं. मी जूनच्या तोंडावर किंवा दिवाळीच्या आधी कुणाचा डोस कमी करत नाही. घरात परीक्षा किंवा लग्न तोंडावर असेल तरीही नाही.

एक हिशेब मात्र तुम्ही घरबसल्या करा. निळ्या पंपात साधारण २०० फवारे असतात. वर्षभरात असे तीन किंवा अधिक पंप संपले असतील, तर तुमचा दमा आटोक्यात नाही आणि मोठ्या ॲटॅकचा धोका वाढलेला आहे, मग तुम्हाला कितीही बरं वाटत असो. औषधाच्या दुकानाची बिलं काढून मोजा. बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा निळा पंप घेऊनही उतार पडत नसेल, तर मोजत बसू नका, थेट दवाखान्यात जा. एरवी पुढच्या भेटीला येताना तुमचे पंप बरोबर घेऊन या. रिकामे असतील तरी आणा, आणि माझ्यासमोर एकदा घेऊन दाखवा. निम्म्या लोकांचा फवारा घशातच राहतो, तो आत जायला शिकवायला मला पाच मिनिटं लागतात.